जीव घाबरा होतोय

ईशिता लीड्सहून सकाळच्या ट्रेनने आली आणि कोटही न काढता सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"बाबा कुठायत?"

"वर. पंचाहत्तरी आली म्हणून काही माणसाचं आवरणं लवकर होत नाही." नंदा बिरड्यात नारळाचं दूध घालत होती. वाल तिने बुधवारपासून गरम पाण्याच्या टाकीजवळच्या एअरिंग कपाटात ठेवले होते. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या या घरात मोड येण्याइतकी ऊब फक्त तिथेच मिळे. "कोट काढ आधी. आणि तोंड का असं झालंय?"

"आई, मी सोमवारची सही करणार नाहीये."

नंदाने गॅस बारीक केला. कसली सही, हे तिला विचारावं लागलं नाही. या घरात गेलं वर्षभर दुसरा विषयच नव्हता.

ईशिताचे बाबा, डॉक्टर विष्णू सबनीस, निवृत्तीआधी जिथे होते त्या हेल्थ सेंटरचे फोन सोमवारपासून जयची कंपनी घेणार होती. कंपनीचं नाव 'साद'. सकाळी आठला फोन लावून रांगेत ताटकळायचं नाही. पेशंटने आपल्या भाषेत काय होतंय ते सांगायचं. मशीन ऐकणार, दोन-चार प्रश्न विचारणार आणि कुणाला आजच बोलवायचं, कुणाला पुढच्या आठवड्यात, ते ठरवणार. गुजराती, पंजाबी, तमिळ, हिंदी आणि मराठी. थोड्या पेशंटांवर चाचणी होऊन गेली होती. आता 'हे सुरक्षित आहे' असं एका डॉक्टरने लिहून द्यायचं तेवढं बाकी होतं, आणि तो डॉक्टर म्हणजे ईशिता. लीड्सच्या इमर्जन्सीतल्या ड्यूट्या सांभाळून ती धाकट्या भावासाठी हे काम बघत होती.

मराठी बोलणारा आवाज मात्र नंदाचा होता. जयने तिला एका छोट्या स्टुडिओत बसवून शेकडो वाक्यं वाचून घेतली होती. "आई, तुझा आवाज ऐकला की लोकांना घरच्यासारखं वाटेल," असं तो म्हणाला होता, आणि घरी आल्यावर तिने ते वाक्य विष्णूंना दोनदा सांगितलं होतं.

"का नाही करणार?" तिने विचारलं.

"चाचणीत एक बाई होती. नाव नाही सांगता येणार. तुझ्याच वयाची. तिने फोन केला, म्हणाली, सकाळपासून जीव घाबरा होतोय आणि दरदरून घाम सुटलाय."

नंदाच्या हातातला डाव थांबला. "मग?"

"मशीनला वाटलं, बाईला भीती वाटतेय. एन्झायटी. तिला मन शांत करायचा एक व्हिडिओ पाठवला आणि पाच दिवसांनी फोन येईल म्हणून सांगितलं."

"अगं पण..."

"हार्ट ॲटॅक होता, आई. शेजारीण सहज डोकावली म्हणून ॲम्ब्युलन्स आली. वाचली ती. पण आमच्यामुळे नाही वाचली."

नंदाने डाव ताटलीत ठेवला. "जयला माहितीये हे?"

"गुरुवारी सगळं लिहून पाठवलं मी त्याला. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा!"

वरून विष्णूंच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. नंदाने आवाज खाली आणला. "आज नको काढूस, ईशी. निदान जेवण होईपर्यंत. त्यांचा दिवस आहे."

"जेवण झाल्यावर जय टीव्हीवर सगळं दाखवणार. बाबा टाळ्या वाजवणार. मग मी पण वाजवू?"

नंदाने डाव पुन्हा उचलला. आयुष्यभर तिने या दोघांची भांडणं जेवणानंतरवर ढकलली होती, आणि बहुतेक वेळा जेवणानंतर ती विरूनही गेली होती.

*

संध्याकाळी पाहुणे यायचे होते. दुपारचं पान घरच्यांचंच: विष्णू, नंदा, दोघं मुलं आणि हॅरोला एकटी राहणारी विष्णूंची धाकटी बहीण सुचेता. जयने लॅपटॉप आधीच टीव्हीला जोडून ठेवला होता.

तो खुशीत होता. मेडिकलचं दुसरं वर्ष त्याने अर्ध्यात सोडलं, त्यावर बाबा त्याला कधी एक शब्द बोलले नव्हते, आणि ते न बोलणंच त्याला वीस वर्षं ऐकू येत होतं. सोमवारी तो त्यांच्याच हेल्थ सेंटरच्या दारातून आत जाणार होता, आणि यावेळी त्याच्याकडे काहीतरी असणार होतं. ताई आल्यापासून गप्प आहे हे त्याला दिसत होतं. ती गप्पच राहावी अशी त्याची इच्छा होती.

"आत्या, तू सांग ना बाबांना तुझा एक्सपीरिअन्स," तो म्हणाला. "आत्या इज अवर स्टार पेशंट."

"अरे दादा, काय सांगू तुला!" सुचेताने पुरी खाली ठेवली. तिला सांगायला आवडणाऱ्या गोष्टींत ही नवी भर होती. "आधी आठाला फोन लावायचे. बाराव्या नंबरवर. नंबर येईपर्यंत काय बोलायचं ते इंग्रजीत पाठ करायचे, आणि ती पोरगी हॅलो म्हणाली की सगळं पळून जायचं. आता कसं, वहिनींशीच बोलल्यासारखं! म्हटलं, बाई गं, रात्री पायात गोळे येतात. तर काय, दुसऱ्या दिवशी बोलावलं!"

"पायात गोळे येतात म्हणून?" विष्णूंनी विचारलं.

"हो ना. आणि डॉक्टरीण काय गोड मुलगी. मांड्या, पोट, काखा, मान, सगळं अंग चाचपलं तिने. गाठी शोधत होती म्हणे. एक सापडली नाही तर मलाच वाईट वाटलं तिच्यासाठी."

विष्णू हसले. नंदाही हसली. जय सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाबांचं हसू मध्येच थांबलंय.

"गाठी?" विष्णू म्हणाले.

"गोळे येतात म्हणजे क्रॅम्प्स, जय," ईशिता शांतपणे म्हणाली. "मशीनने लम्प्स समजलं. म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यांना कॅन्सर वाटला."

"सो? तपासलं ना आत्याला? नो हार्म डन."

"आणि जीव घाबरा होतोय म्हणजे काय?"

"ताई, नॉट टुडे."

"सांग ना. म्हणजे काय?"

"घाबरणे. स्केअर्ड."

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने आत्याकडे. ही नजर जयला लहानपणापासून ओळखीची होती. तो 'माझा आई' म्हणायचा किंवा पाहुण्यांना 'तू' म्हणायचा, तेव्हा मोठी माणसं अशीच एकमेकांकडे बघायची. प्रेमाने, आणि त्याला वगळून.

"ओके, फाइन. आय गेट इट," तो म्हणाला. "तो केस मी वाचला आहे. वन-लाइन फिक्स आहे तो. ते शब्द आले की सरळ रेड, इमर्जन्सी. उद्या टाकतो."

"आणि पुढचे शब्द? 'कसंतरी होतंय'? 'गळून गेल्यासारखं वाटतंय'? किती ओळी टाकशील? तुझं मशीन मराठी ऐकतं, पण आतमध्ये सगळं इंग्लिश करतं आणि मग विचार करतं."

"सो डू वी, ताई! तू पण तेच करते, मी पण तेच करतो!"

"म्हणूनच म्हणतेय. माझी सही पुरेशी नाहीये. मी नाही करणार."

जयची कानशिलं तापली. हे त्याला बाबांसमोर सांगायचं नव्हतं, निदान आज नव्हतं. "मग नको करू. नकुल करतोय. त्याचा कॉल झाला माझ्याशी काल."

"कुठला नकुल? बाबांच्या पार्टनरचा मुलगा? त्याला येतं मराठी?"

"ही इज अ डॉक्टर. लीगली तेवढं पुरतं." आणि मग, ताईच्या चेहऱ्याकडे बघून, त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "बाबांनीच लावून दिला फोन."

*

सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळलेल्या विष्णूंना कळल्या. त्यांनी वाटीतलं श्रीखंड चमच्याने सारखं केलं.

शुक्रवारी जयचा फोन आला होता. ताई उगाच अडवतेय, बाबा, एका बाईचं काहीतरी झालंय. काय झालंय ते विष्णूंनी विचारलं नव्हतं. तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाने पहिल्यांदा तेच विचारायला हवं होतं. पण मुलगा मदत मागत होता, आणि या मुलाने त्यांच्याकडे शेवटचं काही मागितलं त्याला फार काळ लोटला होता.

"अहो, खरं का हे?" नंदा म्हणाली.

"नकुल हुशार आहे," विष्णू म्हणाले. ते उत्तर नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

नंदा उठली. ताटं उचलेल, विषय बदलेल, असं विष्णूंना वाटलं. ती जयपाशी गेली आणि तिने हात पुढे केला. "तो तुझा टेस्टचा नंबर लाव. आणि स्पीकरवर ठेव."

"आई, आत्ता?"

"लाव म्हणते ना."

जयने नंबर लावला. फोन टेबलाच्या मध्ये, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. एक रिंग झाली आणि नंदाचा आवाज खोलीत बोलला. "नमस्कार. काय त्रास होतोय, ते तुमच्या शब्दांत सांगा." उभी असलेली नंदा आणि बोलणारी नंदा दोन वेगळ्या बाया होत्या. बोलणारी जरा तरुण वाटत होती.

"हॅलो," नंदा म्हणाली. "मला ना, जेवल्यापासून कसंतरी होतंय. पित्त खवळलंय बहुतेक. आणि डावा हात भरून आलाय."

"समजलं," फोन म्हणाला. "तुमचा डावा हात कशाने भरला आहे? रक्ताने, की आणखी कशाने?"

सुचेता फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला.

"कशाने म्हणजे? दुखतोय. जड झालाय."

"जखम नसेल तर हात कोमट पाण्याने धुवा. जेवणानंतरचं पित्त बहुतेक वेळा गंभीर नसतं. येत्या तीन दिवसांत फार्मसिस्ट तुम्हाला फोन करतील. काळजी घ्या हं."

फोन बंद झाला. नंदा त्याच्याकडे बघत राहिली.

"हे मी कधी वाचलं होतं? हात धुवायचं?"

"तू नाही, आई. तुझ्या व्हॉइसवरून तो नवीन वाक्य तयार करतो. तेच तर आहे टेक्नॉलॉजी."

"पण तो 'हं' माझा आहे." तिचा आवाज हलला नाही. विष्णूंना तिचा तो न हललेला आवाज जास्त कळत होता. "ईशी, त्या बाईला काय सांगितलं होतं? शेवटी?"

ईशिताने ताटाकडे नजर वळवली.

"काळजी घ्या हं, असंच ना? तिला दरदरून घाम सुटलेला, आणि मी तिला म्हणाले, काळजी घ्या हं." नंदा विष्णूंकडे वळली. "तुम्ही सांगा. तुमच्यासमोर कुणी असं बोलत आलं असतं, जीव घाबरा होतोय, घाम सुटलाय, तर तुम्ही काय केलं असतं?"

जय त्यांच्याकडे बघत होता. लहानपणी शाळेच्या नाटकात रंगमंचावरून शोधायचा तसा. विष्णूंना वाटलं, हा प्रश्न आजच्या दिवशी कुणी विचारायला नको होता. मग वाटलं, तो आपणच शुक्रवारी विचारायला हवा होता.

"ॲम्ब्युलन्स," ते म्हणाले. "पुढचा प्रश्नही विचारला नसता."

*

ईशिताला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. समोर जय खुर्चीत असा बसला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"माझा आवाज काढून टाक," आई त्याला म्हणाली.

"आई, तुझा आवाज काढला तर मराठी लाइनच नाही सोमवारी. दुसरा आवाज नाही आपल्याकडे."

"मग नको लाइन."

"वहिनी!" आत्या एकदम म्हणाली. एवढा वेळ ती पुरीचा तोच तुकडा हातात धरून बसली होती. "नको काय लाइन? तुम्हाला काय जातंय म्हणायला? तुमच्या घरात दोन डॉक्टर. मी कुणाशी बोलू? आठाला फोन, बारावा नंबर, आणि येस-नो. गोळे असोत नाहीतर गाठी असोत, मला कुणीतरी हात लावून तपासलं. किती वर्षांनी! ते तरी त्या मशीननेच घडवलं ना?"

ईशिताकडे याला उत्तर होतं, पण तेही अर्धंच होतं. "आत्या, लाइन मलाही हवीय. फक्त कान माणसाचा हवाय. मशीन ज्याला म्हणेल 'उशिरा चालेल', ते प्रत्येक बोलणं त्याच दिवशी ती भाषा येणाऱ्या माणसाने ऐकायचं. तोपर्यंत केस बंद करायची नाही."

"माणूसच बसवायचा तर मशीन कशाला, असा पहिला क्वेश्चन इन्व्हेस्टर्सकडून येईल मला," जय म्हणाला. "सगळे सोडून जातील, ताई. वर्षभराचं काम आहे माझं."

"माहितीये."

"नाही माहिती तुला! तू नेहमी बरोबर असते आणि मग ट्रेनमध्ये बसून लीड्सला जाते!"

ते लागलं. ईशिताने फोन काढला. ईमेल सकाळी ट्रेनमध्येच लिहून झाला होता, हेल्थ सेंटरच्या चारही डॉक्टरांना: माझी सही नाही, याचं कारण चाचणीतले हे चुकलेले फोन, आणि दुसऱ्या कुणी सही केली तरी हे कारण बदलत नाही. पीटरबरो स्टेशनच्या आसपास तिचं बोट बटनावर होतं. पण तिने पाठवला नव्हता.

"हा मी ट्रेनमधून पाठवू शकत होते," ती म्हणाली. "पाठवला नाही, कारण तुझ्या मागून नव्हता पाठवायचा. आता तुझ्यासमोर पाठवतेय."

"डोन्ट यू डेअर."

"ईशी," बाबा म्हणाले, "सोमवारपर्यंत थांब."

"सोमवारी सकाळी आठला फोन सुरू होतील, बाबा." तिने फोन जयच्या समोर धरला, त्याला पडदा दिसेल असा, आणि बटन दाबलं.

जयने टीव्हीची वायर काढली. लॅपटॉप बॅगेत घातला. दारापाशी जाऊन बूट घालताना त्याला खूप वेळ लागला, आणि कुणीही त्याच्या मदतीला गेलं नाही.

"हॅपी बर्थडे, बाबा," तो म्हणाला आणि गेला.

आत्या रडायला लागली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण 'बोलून घेऊ त्याच्याशी' असं काही ती म्हणाली नाही. संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा जय कुठाय असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने एकच सांगितलं. "आमचं भांडण झालंय."

*

रविवारी दुपारी 'साद'च्या कॅमडेनमधल्या ऑफिसची बेल वाजली. जयला वाटलं, जेवणाची ऑर्डर आली. दारात बाबा होते, रेनकोट घातलेले, डबा घेतलेले.

"बिरडं उरलंय," ते म्हणाले.

जयने त्यांना आत घेतलं. ते इथे पहिल्यांदाच येत होते. स्क्रीनवर चाचणीतली वाक्यं होती, नाव-गाव काढलेली, नुसती वाक्यं. सकाळपासून तो ती वाचत होता. मशीनने 'उशिरा चालेल' म्हणून बाजूला टाकलेली मराठी वाक्यं. त्याला सगळे शब्द येत होते. त्यांचा अर्थ मात्र आता त्याला कुठल्याच वाक्यात खात्रीने लागत नव्हता.

बाबांनी चष्मा लावला. त्याने मागितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही.

"हे बघ," ते एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाले. "'डोळ्यांपुढे अंधारी येते.' याने डोळ्यांच्या क्लिनिकला पाठवलंय. चक्कर आहे ती. ब्लड प्रेशर बघायला हवं होतं, त्याच दिवशी."

"आणि हे? 'पोटात खड्डा पडला'?"

"मुलाचा फोन आला नाही म्हणून म्हणतेय ना? मग ते काही नाही. काळजी आहे नुसती."

"म्हणजे इथे एन्झायटी बरोबर आहे? हाऊ ऑन अर्थ डू यू टेल?"

"आधी काय म्हटलं, नंतर काय म्हटलं, कसं म्हटलं, त्यावरून. अरे, वाचून मलाही सगळं नाही कळत." बाबांनी चष्मा काढला. "मी फोन करून दिला नकुलला. काय झालं ते न विचारता. तुला हो म्हणायचं होतं मला, एवढंच. डॉक्टर म्हणून मी तुझ्या कामाचा नव्हतो शुक्रवारी."

क्षमा करावी इतका जय शांत झाला नव्हता, आणि क्षमा कुणी कुणाला करायची तेही त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने डबा उघडला आणि बिरडं थंडच खाल्लं. मग दोघं पुढच्या वाक्याकडे वळले. अंधार पडायच्या आत आणखी दोन केसेस निघाल्या, ज्यांना त्याच दिवशी बोलवायला हवं होतं, असं बाबा म्हणाले. त्या दोघांची माहिती, केस नंबरसकट, जयने तिथूनच हेल्थ सेंटरच्या रविवारच्या ड्यूटी डॉक्टरला कळवली. हे ताईला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि पाच मिनिटांनी तिलाही पाठवून दिली.

*

सोमवारी सकाळी हेल्थ सेंटरच्या मीटिंग रूममध्ये चार डॉक्टर, मॅनेजर बाई आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर जयचे गुंतवणूकदार होते. ईशिताचा ईमेल प्रत्येकाच्या पुढे होता.

"तुझ्याकडे दुसरा डॉक्टर तयार आहे, असं कळलं," गुंतवणूकदारांतला एक जण म्हणाला. "मग थांबलोय कशासाठी? मराठी तात्पुरती बंद ठेव. किती लोक आहेत मराठी बोलणारे? बाकी चार भाषा सुरू करू."

मॅनेजर बाई अस्वस्थ होती. जुनी फोन व्यवस्था आजपासून कमी करायची ठरली होती, माणसं दुसरीकडे दिली होती.

जयने काल रात्री यासाठी एक वाक्य तयार केलं होतं; नम्र, मुदत मागणारं. आता तोंड उघडल्यावर ते आलंच नाही.

"नाही," तो म्हणाला. "मराठीतल्या चुका आम्हाला सापडल्या, कारण माझ्या घरात तीन म्हातारी माणसं मराठी बोलतात. पंजाबीतल्या कोणी शोधल्या? तमिळमधल्या? कुणीच नाही. तिथे काही चुकलं नाही असं नाहीये. तिथे कुणी ऐकलंच नाहीये. मी आज एकही भाषा सुरू करणार नाही. नकुलला मी सकाळीच फोन केलाय, तो सही करणार नाही. आणि पुन्हा सुरू होईल तेव्हा 'उशिरा चालेल' म्हटलेला प्रत्येक फोन माणूस ऐकेल. हे ज्यांना पटत नाही, त्यांनी आत्ताच सांगावं."

स्क्रीनवरच्या एका चौकोनाने तिथल्या तिथे सांगितलं आणि तो चौकोन काळा झाला. चार डॉक्टरांपैकी सगळ्यांत तरुण डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मी ती," ती म्हणाली. "लीड्सच्या तुमच्या बहिणीने ईमेलमध्ये लिहिलंय ना, पायात क्रॅम्प्स असताना गाठी शोधणारी डॉक्टर. मला तुम्ही आधी विचारायला हवं होतं."

"हो," जय म्हणाला. "हवं होतं."

तो बाहेर आला तेव्हा वेटिंग रूममध्ये आई आणि आत्या बसल्या होत्या. आत्या आठाला फोन लावण्याऐवजी दार उघडताच काउंटरवर येऊन उभी राहिली होती, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा फोन करायला सांगूनही ती घरी गेली नव्हती.

"बंद केलंस?" तिने विचारलं.

"हो."

"मी तुझ्यावर चिडलेय. तुझ्या आईवर त्याहून जास्त चिडलेय, आणि तिलाच घेऊन आलेय. मला ती लाइन परत हवी. नीट करून हवी. झाली का, झाली का, म्हणून दर सोमवारी इथे येऊन बसेन मी. या लोकांनाही सांग."

"सांगतो, आत्या."

जय आईच्या शेजारच्या खुर्चीत बसला. शनिवारपासून ती दोघं बोलली नव्हती. तिच्या मांडीवर पर्स होती आणि दोन्ही हात पर्सवर.

"सगळं बंद केलं," तो म्हणाला. "सहा महिने लागेल, जास्त पण. माणसं शोधायला पाहिजे, प्रत्येक भाषेची. बाबा येतो म्हणालेत." तो थांबला. "ते झाल्यावर, आई... तू आवाज देशील परत?"

नंदाने लगेच हो म्हटलं असतं, तर त्याला ते ऐकायला फार आवडलं असतं. तिलाही म्हणायला आवडलं असतं. काउंटरवरच्या मुलीने सुचेताचं नाव पुकारलं, चुकीचं पुकारलं, आणि सुचेता तिथल्या तिथे उभी राहून ते मोठ्याने दुरुस्त करू लागली.

"नाही," नंदा म्हणाली. "आधी तुझ्या मशीनला ऐकायला शिकव. बोलायचं मग बघू."

आणि ती नणंदेच्या मागोमाग काउंटरकडे गेली.